बिनमंडईची भाऊबीज

२६ ऑक्टोबर २०२०, सोमवार

दिव्यानीच्या मॅडमनी मोबाइलवर अभ्यास पाठवला : रोज दहा ओळी दैनंदिनी लिहा, शुद्ध भाषेत. आमच्या पोट्टीनं लिहिलं, "काल दसरा होता. कोरोनामुळे कोणाच्या घरी सोनं द्यायला गेलो नाही. पुरी खाल्ली." अन् म्हणते, "आई, आता काही झालंच नाई त काय लिहू?" मी म्हटलं, आण इकडं, दाखवते कसं लिहितात ते. दाखवता दाखवता दोन पानं भरली. पोट्टी केव्हाच पळून गेली होती. तिला दुसरी वही दिली, ही मी ठेवून घेतली.

तर मी मंजुषा धनराज लेनगुरे, वय चौतीस, मुक्काम कोसमटोला, तालुका मूल. लिहिणं शुद्धच ठेवीन, पण कोणी काही बोललं तर ते जसं बोललं तसंच लिहिणार. आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, तोंडी शुद्ध मराठी घातली तर माझं मलाच हसू येईल.

आता जे कोणाला बोलून दाखवता येत नाही ते लिहिते. आज ग्रामपंचायतीनं भोंग्यावर सांगितलं, यंदा मंडई नाही. दुकानं नाहीत, नाटक नाही, पाहुण्यांना बोलावू नये. सगळं गाव मयतीला बसल्यासारखं बसलं. मामाजी, म्हणजे माझे सासरे गुणवंतराव, सव्वीस वर्षं मंडई समितीचे अध्यक्ष आहेत. ते दुपारी जेवलेच नाहीत. मी गाईंना चारा टाकते म्हणून कोठ्यात गेले आणि एकटीच हसले. गाईनं मान वळवून पाहिलं. बाप्पा, जगावर एवढं संकट आलंय आणि मला हसू येतंय! वाईट आहे मी. पण आले हसू, काय करू?

३० ऑक्टोबर, शुक्रवार

काल-परवा लिहिण्यासारखं काही नव्हतं. हलका, लवकर येणारा धान कापून झाला, भारी अजून शेतातल्या बांधीत उभा आहे.

हसू काऊन आलं ते लिहिते. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. आमच्या कोसमटोल्याचा दिवस भाऊबीजेचा. त्या दिवशी घरोघरी सोयरेधायरे येतात, दुकानं फिरतात, जेवतात, रात्रभर नाटक पाहतात, सकाळी चहा पिऊन जातात. आमच्या घरी चाळीसच्या खाली पान पडलं नाही कधी, अध्यक्षांचंच घर ते. म्हणजे भाऊबीजेला ज्या घरात सगळे पाहुणे येतात, त्या घरची सून माहेरी जाईल कशी? अकरा वर्षं झाली लग्नाला. माहेर चिमूरकडं, सत्तर किलोमीटर. उन्हाळ्यात जाते, राखीला जाते. भाऊबीजेला एकदाही नाही.

माझा भाऊ पियुष. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा, मी तेरा. त्याची चड्डी मी धुतली, त्याचं नाव शाळेत मी घातलं. भाऊबीजेला तो पाटावर बसायचा अन् ओवाळणी म्हणून कधी बोरं द्यायचा, कधी गोटी. माझं लग्न झालं तसा तोच इकडं येतो, मंडईचा पाहुणा म्हणून. मागच्या वर्षी आला तेव्हा माझे दोन्ही हात वड्यांच्या पिठात होते. मी म्हटलं, थांब रे, येते. तो थांबला. मग कोणाला तर्री पाहिजे, कोणाला पाणी. आठवण झाली तोवर तो शेवटच्या गाडीनं निघून गेला होता. घरी पोचल्यावर फोन केला त्यानं, म्हणे, "ताई, वडे मस्त झाले होते." मी फोन ठेवून घरामागच्या सांदवाडीत जाऊन रडले.

म्हणून हसू आलं. यंदा जाईन. पाटावर बसवून, निवांत, तेल-उटणं लावून ओवाळीन. मला दुसरं काही नको.

३ नोव्हेंबर, मंगळवार

धनराजला विचारलं. (वहीत नवऱ्याचं नाव लिहिलं तर कोण पाहतं!) तो राइस मिलमधून आला होता, अंगभर कोंडा. म्हणाला, "माह्या हातात काय आहे? आईले विचार." लग्न याच्याशी केलं की याच्या आईशी, मी म्हटलं. तो अंघोळीला पळाला.

आत्याबाईंना विचारलं. त्या लाखोळीची डाळ निवडत होत्या. म्हणाल्या, "पाहू."

आत्याबाईंचं 'पाहू' म्हणजे काय, ते मला अकरा वर्षांत कळलं आहे. घराला गिलावा करायचा, पाहू. शिलाई मशीनला मोटार लावायची, पाहू. मशीन अजून पायानंच चालते.

मामाजी संध्याकाळी चौकात जाऊन आले. स्टेज जिथं बांधतात तिथं पावलं मोजत होते म्हणे. "वीस बाय तीस," घरी येऊन मला सांगतात. कोणी विचारलं नव्हतं. मला दया आली, खोटं काऊन बोलू.

६ नोव्हेंबर, शुक्रवार

घात झाला!

मामाजींना मोबाइल नीट येत नाही, अन् येत नाही हे त्यांना माहीत नाही. आज सकाळी छपरीत बसून मागच्या वर्षीचे फोटो पाहत होते. जुनी आठवण म्हणून मागच्या सालचं निमंत्रण त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. वर गणपती, खाली मजकूर : "सालाबादप्रमाणे यंदाही आमचे गावी मंडई भरत आहे, तरी भाऊबीजेस सहकुटुंब सहपरिवार येणेचे करावे. आपला, गुणवंतराव." साल कुठंच लिहिलेलं नाही!

ग्रुपवर त्रेसष्ट माणसं. सात महिने घरात कोंडलेली. दुपारपर्यंत आंगठेच आंगठे. "नक्की येतो भाऊ." "वाट पाहूनच राह्यलो होतो." कोणी तर लिहिलं, "कोसमटोल्यात कोरोना नाई वाटते, वा!"

धनराज मिलमधून फोनवर ओरडला, "बाबा, पुसा ते!" मामाजींनी पुसलं. पण पुसलं ते फक्त त्यांच्याच मोबाइलवरून.

७ नोव्हेंबर, शनिवार

मामाजींनी ठरवलं, एकेकाला फोन करून सांगायचं, येऊ नका. सकाळी टोपी घालून बसले. मी कुळीथ पाखडत शेजारीच होते, म्हणून शब्दाला शब्द लिहिते.

"हॅलो, राम राम. मी गुणवंतराव. ते निमंत्रण चुकून गेलं वो. यंदा मंडई बंद आहे... हो ना, सरकारचा आदेश... नाई नाई, मंडई नाई म्हून काय झालं, आपलं घर त आहे ना! ... असं कसं म्हणता, तुमाले मनाई आहे काय? याच मग."

फोन ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. "एवढ्या दुरून बोलून राह्यला माणूस, त्याले येऊ नोको कसं म्हणावं?"

दुसरा फोन. तिसरा. दर वेळी सुरुवात कडक अन् शेवट "याच मग". मंडईच्या पाहुण्याला येऊ नका म्हणायला जीभच वळत नाही त्यांची. अकरा फोन झाले. आधी ज्यांचं नक्की नव्हतं तेही आता नक्की येणार. दोघं जण व्याह्यांना घेऊन येणार आहेत.

कुळीथ पाखडून झाला. सूप आपटलं मी. कोणाचं लक्ष गेलं नाही.

९ नोव्हेंबर, सोमवार

मनात हिशेब केला, पस्तीस तरी होतात. म्हणजे पुन्हा चुलीवर तेच मोठाले गंज, तेच वडे. कोरोनाही आमच्या मामाजींपुढं हरला.

पियुषला फोन करून सांगितलं, जमेलसं दिसत नाही रे. तो म्हणाला, "ताई, मी पुढच्या म्हयन्यात पुण्याले चाललो. कंपनीनं परत बोलावलं. एकदा गेलो का मग सुट्टीचं काही खरं नाई." मी म्हटलं, बरं झालं, नोकरी आली. आणि खरंच बरं झालं. मार्चमध्ये तो तिकडून कसा आला, ते मला माहीत आहे. ट्रकमध्ये उभ्यानं.

पण म्हणजे एवढीच एक भाऊबीज.

१० नोव्हेंबर, मंगळवार

आज काय झालं काय सांगू! आत्याबाईंनी मामाजींच्या हातातून मोबाइल घेतला. मला म्हणाल्या, "मंजू, लंबर लाव." मी लावत गेले, त्या बोलत गेल्या.

"मी रुखमाबाई बोलून राह्यली. मंडई नाई. येऊ नका. फराळ धनराज आणून देईन. ठेवा."

बस्स. राम राम नाही, मुलंबाळं कशी आहेत नाही. बावीस फोन, तासाभरात. समोरचा "पण भाऊ त म्हणत होते..." म्हणाला की, "भाऊचं मी पाहते, ठेवा."

मामाजी डोक्याला हात लावून. "अवो, लोकं काय म्हणतीन?"

"म्हणतीन रुखमी खडूस आहे. म्हणू द्या. चाळीस वर्षं चांगली म्हणत होते, काय देलं?"

मला आनंद झाला, पण कळलं नाही त्यांना एकदम काय झालं ते. कंबर दुखते त्यांची थंडीत, म्हणून असेल. किंवा डाळ महाग झालीय म्हणून. धनराजचं म्हणणं, आई म्हातारी व्हायला लागली. संध्याकाळी बोलावं म्हणून गेले, तर त्या कोठ्यामागं उभ्या, मोबाइलवर कोणाशी तरी हळूहळू बोलत होत्या. मी दिसले तसा फोन पदराखाली घातला. नाराज झालेल्या कोणाला समजावत असतील.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

फराळ चालू आहे. शेव, चिवडा, करंज्या झाल्या. अनारसे आत्याबाई स्वतः करतात, मला हात लावू देत नाहीत. पाहुणे नाहीत तरी दोन डबे केले. एक मोठा, एक मध्यम. मी म्हटलं, एवढे कोण खाणार? म्हणाल्या, "तोंडं कमी पडले काय अनारसे खाणारे?"

मग म्हणाल्या, मास्क शिवून दे दोन. लॉकडाऊनमध्ये बचत गटासाठी मी हजारभर मास्क शिवले, हात बसलाय. एक त्यांच्या मापाचा, एक मोठा. "मिशीवाल्या माणसाले पुरन असा." मामाजींच्या मिशा कुठं एवढ्या मोठ्या आहेत, पण दिला शिवून. एक जाड पिशवीही शिवून घेतली, खांद्याला लावायची. दुपारी धनराजला विचारत होत्या, गडचिरोलीवरून आरमोरीचा रस्ता आता बरा झाला काय, पुरात वाहून गेला होता तो. धनराज म्हणाला बरा आहे.

आरमोरीकडं आत्याबाईंचे भाऊ असतात, मुखरूभाऊ. दर मंडईला यायचे. कोपऱ्यात बसायचे, आत्याबाई त्यांना एक वडा जास्त वाढायच्या, ते जेवायचे, नाटक पाहायचे अन् जायचे. शांत माणूस. ऑगस्टमध्ये वैनगंगेचं पाणी त्यांच्या घरात शिरलं, सामान काढताना पाय मोडला. तेव्हापासून घरातच आहेत म्हणे. त्यांना फराळ पाठवायचा असेल.

सगळ्यांचं पाहतात आत्याबाई, फक्त मला काही सांगत नाहीत. मी पुन्हा विचारलं, "मी जाऊ ना मग भाऊबीजेले?" करंजी तळणीतून काढता काढता, "पाहू."

१४ नोव्हेंबर, शनिवार, लक्ष्मीपूजन

आज मी नको ते बोलले. सणाच्या दिवशी.

यंदा पाडवा अन् भाऊबीज एकाच दिवशी आहेत, सोमवारी. म्हणजे उद्याचा एकच दिवस मधात. सकाळी अंगण सारवून झालं, रांगोळी टाकली, अन् मी तिथंच उभी राहून सरळ विचारलं, "आत्याबाई, हो म्हणा का नाई म्हणा. त्याले सांगायला पाहिजे ना मले."

त्या दिवे पुसत होत्या. "सण होऊ दे आजचा. पाहू."

माझा तोल गेला. म्हटलं, "तुमाले काय समजन भावाबहिणीचं! तुमचा जीव या घराच्या चुलीतच आहे."

एक दिवा पुसून झालेला होता, तोच पुन्हा पुसत राहिल्या. दिव्यानी दारात उभी होती, तिनं ऐकलं. मग पूजा झाली, सगळ्यांनी जेवण केलं, आत्याबाईंनी मला खीर वाढली, नेहमीसारखीच. मी ती दिव्यानीला देऊन टाकली.

पियुषला सांगितलं, नको येऊस. तो हसला. "तू फक्त तयार राह्य ताई. नवाले येतो. बाकीचं मी पाह्यलं." काय पाहिलं याने? आजकाल सगळेच पाहतात, मलाच काही दिसत नाही.

माफी मागावी म्हणून दोनदा त्यांच्याजवळ गेले. दोनदा परत आले. अहंकार आहे माझ्यात, आईही म्हणायची.

१७ नोव्हेंबर, मंगळवार, माहेर

माहेरी बसून लिहीत आहे! समोर पियुष दिव्यानीला विटीदांडू शिकवतोय, वडील छपरीत ऊन घेत बसलेत. कालचं सगळं नीट लिहिते.

सोमवारी सकाळी गाई धुतल्या, शिंगं रंगवली, नव्या गंजातली खिचडी त्यांना चारली. मी नवी साडी नेसले, वरून जुनी ओढणी गुंडाळली, हो झालं तर ओढणी सोडायची, नाही झालं तर तशीच चुलीपुढं बसायचं. पावणेनऊला छपरीत आले, तर आत्याबाई खुर्चीवर बसलेल्या. हिरवं लुगडं, जे मी फक्त लग्नाकार्यात पाहिलंय. खांद्याला मी शिवलेली पिशवी, मांडीवर अनारशांचा मोठा डबा, पिशवीतून नवा दुपट्टा बाहेर आलेला. एका कानाला मास्क लोंबत होता. धनराज गाडी पुसत होता अन् माझ्याकडं पाहत नव्हता.

"मी मुखरूकडं चालली," आत्याबाई मामाजींना म्हणाल्या. "धनराज सोडून देते. उद्या येईन नाई त परवा."

"आज?" मामाजी. "आज भाऊबीज आहे!"

"म्हून त चालली."

मी खांबाला धरून उभी. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तू काऊन उभी आहेस? पियुष येऊन राह्यला ना? पोट्टीची वेणी घाल. तो मध्यम डबा तुझा आहे, विसरू नोको."

"आत्याबाई, तुमी त पाहू म्हटलं होतं."

"पाहूच म्हटलं होतं. नाई थोडी म्हटलं होतं? सहा दिवस झाले, कोठ्यामागून त्याले मीच फोन करून सांगतलं, नवाले ये म्हून. तुले सांगतलं असतं त तू घरभर नाचली असती, अन् मग यायनं मधातच काही तरी काढलं असतं." 'यायनं' म्हणजे मामाजींनी. हनुवटीनं दाखवलं.

माझं डोकंच चालेना. चाळीस वर्षं. मी अकरा वर्षांचं रडगाणं या वहीत लिहिते, अन् त्या चाळीस वर्षांत एकदाही भाऊबीजेला भावाच्या दारात गेल्या नव्हत्या. तो कोपऱ्यात बसणारा शांत माणूस ज्याला एक वडा जास्त मिळायचा, तीच त्यांची भाऊबीज होती. माझ्यासमोर अकरा वर्षं झाली ती. मला दिसली नाही. आणि मी त्यांना म्हटलं, तुमाले काय समजन.

मी पायाशी वाकले. "माह्याकडून चुकलं, आत्याबाई."

"दूर राह्य, कोरोना आहे," म्हणाल्या, पण डोक्यावर हात ठेवला अन् बराच वेळ ठेवला. मी रडले, त्या रडल्या नाहीत.

तेवढ्यात फाटकात आवाज. सुकलूभाऊ! मामाजींचे मूलचे दोस्त, सोबत चार जण, सुकलूभाऊंच्या काखेत जिवंत कोंबडा. आत्याबाईंनी फोन केला तेव्हा यांचा मोबाइल बंद होता म्हणे. "मंडई नसली त नसली," सुकलूभाऊ म्हणाले, "आपण त आहोत ना!" मामाजींचंच वाक्य, त्यांच्याच अंगावर परत आलं.

मागून पियुषची गाडी येऊन थांबली. पाहुणे आत येत होते अन् आम्ही बाहेर निघत होतो, एकाच फाटकातून. मामाजी मधे उभे. "अवो, निदान भात त मांडून जा!"

आत्याबाई गाडीवर बसल्या, पदर खोचला. "तांदूळ डब्यात, पाणी नळाले, चूल जाग्यावर आहे."

अन् गेल्या. धनराजच्या पाठीमागं एवढ्याशा दिसत होत्या. मी त्यांना गाडीवर बसलेलं कधी पाहिलंच नव्हतं.

काल दुपारी पियुषला पाटावर बसवलं. तेल लावलं, उटणं लावलं, तो म्हणतो, "ताई, गुदगुल्या होऊन राह्यल्या." सत्तावीस वर्षांचा घोडा झालाय. ओवाळताना वडिलांनी तोंड फिरवलं. ओवाळणीत त्यानं पाकीट घातलं, अन् पाकिटाबरोबर मूठभर बोरं. मी बोरं आधी खाल्ली. पोट भरलं माझं. किती दिवसांनी एवढं निवांत बसले, जेवण गरम असताना जेवले.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

घरी परत. आत्याबाई कालच आल्या. दुपारी सांदवाडीत दोघी सांभार, म्हणजे कोथिंबीर, निवडत बसलो, तेव्हा मी विचारलं, कसं झालं? आधी म्हणाल्या, काय होते, झालं. मग आपणहून सांगायला लागल्या, अन् थांबेचनात.

त्यांनी भावाला कळवलंच नव्हतं. गुपचूप गेल्या. मुखरूभाऊ दारात खाटेवर, पाय लांब करून बसलेले. या मास्क लावून, खांद्याला पिशवी अडकवून समोर जाऊन उभ्या राहिल्या. मुखरूभाऊंनी पाहिलं अन् हाताचं बोट पुढं केलं.

"मी म्हटलं, हे काय? त म्हणते, मशीन लावा ना बाई बोटाले. ऑक्सिजन मोजणारी सर्वेवाली समजला मले!"

आत्याबाई हसता हसता सांभाराची जुडी खाली पाडून बसल्या. "मंजू, सख्खा भाऊ! आवाज काढला तवा समजलं त्याले. त्याच्या मनातच नाई ना, का आजच्या दिवशी रुखमी दारात येईन. चाळीस वर्षांत आली असती कधी त ओळखलं असतं."

हसू थांबलं तशा डोळे पुसायला लागल्या. मग मीही. सांभार तसंच राहिलं. मास्क बसला म्हणे मुखरूभाऊंना, मिशीसकट. अन् ओवाळताना ते लहान पोरासारखे रडले, हे त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं, उठता उठता.

"तुमी चाळीस वर्षांत कोणाले सांगतलं काऊन नाई?" मी म्हटलं.

"कोणी विचारलं?"

मीही नाही विचारलं. एकदाही नाही.

६ डिसेंबर, रविवार

वहीची पानं संपत आली. पियुष परवा पुण्याला गेला. पोचलो म्हणून फोन आला.

आज चौकात मंडई समितीची बैठक झाली. पुढच्या वर्षी तरी मंडई भरणार का, कशी भरायची. बाया तिकडं जात नाहीत, पण नळ चौकातच आहे, आणि आज आम्हा सगळ्यांनाच पाणी कमी पडलं.

मामाजी उभे राहिले. भाऊबीजेच्या सोमवारी आमच्या घरी काय झालं, ते गावभर झालेलंच आहे. भाताचा तळ जळाला, कोंबडा शिजायला दुपार टळली, तर्रीत मीठ दोघांनी टाकलं. सुकलूभाऊंना भांडी घासावी लागली. मामाजी म्हणाले, "माहं एक म्हणणं आहे. मंडई एक दिवस पुढं ढकलावी. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी."

गलका झाला. कोणी म्हणालं, "आज्याच्या काळापासून हाच दिवस आहे भाऊ."

"त्या आज्यानं पाच जणांचा सैपाक केला होता काय कधी? मी केला. पाचच जण होते, चाळीस नाई." मग टोपी काढली, हातात धरली. "आपल्या गावात एवढ्या लेकीसुना. भाऊबीजेच्या दिवशी एकीलेही भाऊ दिसत नाई. मी सव्वीस वर्षं अध्यक्ष आहो, माह्या ध्यानातच नाई आलं. घरातलीच माणसं होती ना."

मागून कोणी तरी फिसकन हसलं. "भाऊ, घरून शिकवून पाठवलं काय तुमाले?"

"हो," मामाजी म्हणाले.

आता हसावं की नाही, कोणाला समजेना. नळावर माझ्या शेजारची करिष्मा, लग्न होऊन दोनच वर्षं झालीत, तिची घागर भरून वाहत होती अन् तिला पत्ता नव्हता. मामाजींनी म्हटलं, हात वर करा. आधी चार हात, मग दहा, मग मोजायची गरज राहिली नाही.

मी घागर तशीच टाकून घरी पळाले. आत्याबाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. सांगितलं. त्यांनी हातातली शेंग सोलून पूर्ण केली, दाणे टोपल्यात टाकले, हात पदराला पुसले.

"मुखरूचा लंबर लाव," म्हणाल्या.

लावून दिला. तिकडून हॅलो आलं तसं यांनी मोठ्यानं, सगळ्या मोहल्ल्याला जाईल अशा आवाजात सांगितलं, "मुखरू, भाऊबीजेले तोंड धुऊन तयार राह्य. मी येऊन राह्यली."

"आत्याबाई," मी म्हटलं, "अजून अकरा म्हयने आहेत."

फोनवर हात ठेवून माझ्याकडं पाहिलं. "असू दे. त्याले आयकू दे."